देवाच्या नावचा खालचा बेड

दीनानाथ,

तुम्ही माझ्याकडे आलात ते स्वयंपाकघरातला खण उघडायला, हे आधी लक्षात घ्या. पुढे जे रामायण झालं त्याचा ठपका तुम्ही माझ्या नॉर्मन सरदारांवर ठेवता, असं फकरुद्दीन फोनवर सांगत होते. ठेवा. ते सरदार मरून नऊशे वर्षं झाली, त्यांचं आता काही बिघडत नाही. पण मी तुम्हाला सल्ला कधीच दिला नव्हता. मी इतिहास सांगत होते आणि तुम्ही अर्ध्यात उठून गेलात. दर वेळी अर्ध्यात उठून गेलात.

आता पुरतं सांगते. हे छापून येणार आहे, त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागतील. मध्ये बोलू नका.

माझा मुलगा नीलेश सौदीत अल-खोबरला इंजिनियर. दोन हजार पाच साली तो मला तिकडे घेऊन गेला, कारण आई चिपळूणला एकटी काय करते, अशी त्याला काळजी. आई चिपळूणला मजेत होती. पण गेले. कॉलेजात जन्मभर मध्ययुगीन युरोप शिकवला, त्यावर मराठीत माझ्या मनासारखं पुस्तक मिळेना, तेव्हा ते लिहायचं काम मी बरोबर नेलं. तिथे बाहेर पडायचं तर गाडी हवी, गाडीला चालवणारा हवा. म्हणजे लिहिण्यावाचून सुटका नव्हती. त्यात दोन गोष्टी अडल्या. एक, नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या जमिनी कुठल्या सरदारांच्या आणि कुठल्या बिशपांच्या घशात गेल्या, हे प्रकरण. दुसरी, ओट्याखालचा मोठा खण. समुद्राच्या दमट हवेनं त्याचं लाकूड फुगलं होतं आणि आत माझं पुरणयंत्र होतं.

नीलेशच्या साइटवर कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. राजापूरकडचे सुतार, रास तनुराच्या बाहेर एका कंत्राटदाराच्या कॅम्पात राहतात, हात चांगला आहे, तोंड जास्त चालतं. गुरुवारी दुपारी कॅम्पची बस खोबरला बाजाराला यायची. ती बस चालवायचे दाभोळचे फकरुद्दीन, तुमच्याच खोलीतले. दोघं वर आलात. तुम्ही खणावर टिचकी मारलीत, कान लावलात, डॉक्टरसारखा चेहरा केलात आणि म्हणालात, "फुगलाय. रंधा मारावा लागेल."

"मग मारा."

"रंधा कॅम्पात हाय. आज नुसता बघायला आलो."

"बघायला ती काय मुलगी आहे?"

फकरुद्दीन हसले. तुम्ही हसला नाहीत. चहा प्यालात, पुढच्या गुरुवारचा वायदा केलात आणि गेलात.

पुढच्या गुरुवारी आलात ते हात हलवत. रंधा नव्हता आणि तोंडावर रंग नव्हता.

"बाई, आम्हांला घेतलं."

"कुणी घेतलं?"

"कंपनीनं. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतलीन. माणसं, क्रेन, पत्र्याच्या खोल्या, सगळ्यासकट. कफील नवा, इकामा नव्या नावावर, कॅम्प बॉसपण नवा. घाटी."

कफील म्हणजे तिकडचा कागदोपत्री मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि घाटी म्हणजे समाधान, कराडकडचा. तो एकटा आला नव्हता, आपली माणसं घेऊन आला होता. पोचला, जेवला, आणि सकाळी प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहून बोट दाखवत गेला. खालचे बेड त्याच्या माणसांचे, वरचे कोकणातल्यांचे. यल्ला, म्हणजे चला, हला.

फ्लॅटात राहणाऱ्यांना वाटेल, यात काय एवढं? मलाही तसंच वाटलं. मग तुम्ही समजावलंत. कॅम्पातल्या खोलीत लोखंडी, दुमजली बेड असतात. वरचा बेड म्हणजे फळी. तिच्यावर माणूस ठेवतात. खालचा बेड म्हणजे घर. त्याला पडदा लावता येतो, खाली पेटी सरकवता येते, कुणी आलं तर 'बस' म्हणता येतं. तुमचा बेड खिडकीजवळचा. त्याला तुम्ही स्वतः फळ्या ठोकून कपाट केलं होतं, आरसा बसवला होता, चष्मा ठेवायला खाच पाडली होती. त्यात तुमचा गुडघा. परांचीवरून पडल्यापासून तो धड वाकत नाही. लोखंडी शिडी चढून वर जायचं, लघवीला उतरायचं, परत चढायचं.

"मी वर गेलो तर एक दिवस तिथनंच खाली पडेन, नायतर एक्झिट मारून घरी जाईन," तुम्ही म्हणालात. ते म्हणताना तुमचा आवाज तुमचा वाटला नाही. घरी तुमच्या थोरल्या मुलीच्या, स्वप्नालीच्या, खालची दोन अजून शिकत होती. घरी जाऊन चालणार नव्हतं. तुमच्या बेडवर येणार होता समाधानचा मेव्हणा धोंडीराम. तिशीतला, धट्टाकट्टा, शिडी नसती तरी उडी मारून वर गेला असता.

मग तुमची नजर माझ्या टेबलावर गेली. "हे काय लिहिता?"

"इंग्लंडचा इतिहास. समुद्रापलीकडून विल्यम आला, तिथला राजा लढाईत मेला, आणि विल्यमनं देशभरच्या जमिनी आपल्या माणसांना वाटल्या."

"म्हणजे घाटी."

"नॉर्मन."

"तेच. मग तिथल्या जुन्या लोकांनी काय केलं?"

"काही लढले आणि मेले. बाकीच्यांच्या जमिनी गेल्या. कालपर्यंत मालक होते ते आपल्याच शेतावर कूळ झाले."

"ते सोडा. ज्यांची राहिली त्यांनी काय केलं, ते सांगा."

वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. मी म्हटलं, "काहींनी जाऊन नव्या राजाला धनी मानलं. त्याची एक रीत होती. गुडघे टेकायचे, दोन्ही हात जोडून त्याच्या हातांत द्यायचे आणि म्हणायचं, मी तुझा माणूस."

"बस्स?" तुम्ही उठलात.

"अहो, पुढे ऐका, सगळ्यांना ते फळलं नाही..."

तुम्ही जिन्यात होता.

पुढची हकिकत फकरुद्दीननी सांगितली, कारण तुम्ही सांगेनात. मेसच्या रांगेत समाधान ताट घेऊन उभा होता. तुम्ही त्याच्यापुढे गेलात. गुडघा टेकेना, म्हणून एक पाय लांब सोडून, टेबलाला धरून, कसेबसे अर्धे बसलात आणि जोडलेले हात त्याच्यापुढे केलेत. त्यानं घाईघाईनं ताट ठेवलं, तुमचे हात हातांत घेतले आणि घाबरून विचारलं, "काय मिस्त्री, घरचं कोण गेलं काय?"

"मी तुमचा माणूस."

"बरं, बरं. पर सुट्टी न्हाई मिळायची."

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं लगीन लावताय काय? आमटी थंड हुतीय!"

तुम्हाला उठवायला चार माणसं लागली. त्यातला एक धोंडीराम होता. उठवता उठवता त्यानं विचारलं म्हणे, "मिस्त्री, त्या बेडला डास येत्यात काय वो?"

त्यानंतरच्या गुरुवारी तुम्ही माझ्यावरच उखडलात. "तुमचा राजा काय कामाचा नाय."

"माझा नव्हे. खणाचं काय?"

"रंधा स्टोअरला अडकलाय. स्टोअरलापण घाटी बसवलान. दुसरा उपाय सांगा."

"उपाय सांगायला मी वैदू आहे का? काहींनी नव्या सरदारांना मुली दिल्या."

तुम्ही छताकडे बघितलंत. "माझी स्वप्नाली बँकेत हाय."

"दीनानाथ!"

"नाय, नुसता बोललो. तिच्या कानावर गेलं तर मला घरात घ्यायची नाय ती."

"आणि काहींनी जमीन मठाला दिली. म्हणजे देवाला. मालक देव, आणि आपण देवाच्या जमिनीचे वहिवाटदार. मठाच्या जमिनीला हात लावताना नॉर्मन सरदारसुद्धा दबकायचा, निदान थोडे दिवस. दिल्याची खूण म्हणून वेदीवर मातीचं ढेकूळ ठेवायचे, नाहीतर एखादी सुरी. पण पुढे काय झालं की त्या मठांनीच..."

"देवाला!" म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारायला गेलात, ती बसली गुडघ्यावर, आणि कळवळत, लंगडत, हसत निघून गेलात. फकरुद्दीन कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, ह्याला दाराला कडी लावून शिकवा."

तुमच्या खोलीत एक देव होता, हे इथे सांगायला हवं. पत्र्याच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, शर्टांच्या मागे वीतभर गणपती. तो आणला होता उमाकांतनं. उमाकांत लांज्याचा, वायरमन. त्यानं देवाला बारीकसा हिरवा दिवा जोडून दिला होता. तिकडे आपला देव उघड्यावर मांडायची सोय नाही. आरती व्हायची ती कपाटाचं दार अर्धं उघडून, कुजबुजत, टाळ्या न वाजवता नुसते हात हलवून. तेवढा वेळ फकरुद्दीन दाराबाहेर खोक्यावर बसायचे आणि कुणी येताना दिसलं की खोकायचे. "आटपा रे," ते आतल्यांना दटावायचे, "तुमच्या बाप्पापायी माझा चाय रोज गार होतो."

या गणपतीला तुम्ही बेड दिलात. नॉर्मन काळातल्या माणसानं ढेकूळ ठेवलं असतं. तुम्ही उदक सोडलंत, आणि तिथेच घात केलात. ढेकूळ उचलून फेकता येतं, सुरी परत खिशात घालता येते. पण कोकणातल्या माणसानं तळहातावर पाणी घेऊन, कुळाचं नाव घेऊन, 'आता हे माझं नाही' म्हणून ते खाली सोडलं की खलास. भावाच्या नावावर केलेलं घर तो कोर्टात जाऊन परत मागेल, उदक सोडलेली सुपारी मागणार नाही. तुम्ही मेसच्या वाटीतलं पाणी हातावर घेतलंत आणि खिडकीजवळचा खालचा बेड, गादी, उशी, आरसा आणि चष्म्याच्या खाचेसकट गणपतीला देऊन टाकलात. उमाकांतनं बेडच्या दांड्याला लाल दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम काखेत वळकटी मारून आला.

"सरका मिस्त्री."

"हा बेड माझा नाय."

"मग कुणाचा?"

"देवाचा."

"आन् झोपतंय कोण?"

"देवाची राखण करणारा."

धोंडीरामनं समाधानला बोलावून आणलं. समाधान तोंड उघडूनच आत शिरला. पण त्यानं लाल दोरा बघितला, उमाकांतनं हळूच उघडलेलं कपाट बघितलं, हिरव्या उजेडातली सोंड बघितली, आणि मिटलं. तो खाली बसून बूट काढायला लागला. साइटचे जड बूट, त्यांच्या लांबलचक लेस. सगळी खोली उभी राहून त्याच्या गाठी सुटायची वाट बघत होती. अनवाणी होऊन त्यानं हात जोडले. "देवाचं हाय म्हटल्यावर आपन काय बोलायचं," म्हणाला आणि बूट हातात घेऊनच गेला. मागोमाग धोंडीराम आणि वळकटी.

पुढच्या गुरुवारी तुम्ही पेढे आणलेत. मी म्हटलं, "खण?"

"आज खण कसला, बाई! आज पेढे."

मला सांगायचं होतं ते राहिलंच. शिवाय आता ऐकणारं कोण होतं? तुमचा बेड राहिला, हे कॅम्पभर झालं आणि ज्याच्या त्याच्या हातावर पाणी दिसायला लागलं. एकेका खोलीतल्या कोकणातल्या माणसांनी आपापले खालचे बेड गणपतीला दिले. उमाकांत लाल दोऱ्याचं बंडल घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडू लागला. समाधानची माणसं वरच्या बेडांवर पाय लोंबकळवत बसून तुमच्या नावानं बोटं मोडत होती. वीतभर देव, शर्टांच्या मागे बसलेला, आणि त्याच्या मालकीचे इतके बेड की एखाद्या इंग्रज मठाला हेवा वाटावा. फकरुद्दीनना गणपतीला देता येईना. "बायको, बिलकिस, मला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाय," म्हणाले. त्यांनी आपला बेड वाटसरूंसाठी वक्फ, म्हणजे अल्लाच्या नावानं दान, करून टाकला. समाधान तिथूनही मान खाली घालून परतला. फक्त झालं असं, की वाटसरू खरोखर यायला लागले. तबूकहून, जुबैलहून, कुणी मामेभाऊ, कुणी मामेभावाचा दोस्त, सगळे दाभोळचे, सगळे दमलेले. फकरुद्दीन बसमध्ये झोपू लागले.

आणि उमाकांत बदलला. तुम्ही म्हणालात बदलला. मी म्हणते, जमीन मिळाली की मठाधिपतीचं असंच होतं. देवाची मालमत्ता म्हणजे तिची व्यवस्था आली, व्यवस्था म्हणजे नियम आले. देवाच्या बेडवर बसून विडी ओढायची नाही. देवाच्या बेडखाली सुकट ठेवायची नाही, बोंबील तर नाहीच. हा शेवटचा नियम ऐकून एक दापोलीकर रडला म्हणे. मग सेवा आली. देवाच्या वहिवाटदारांनी आळीपाळीनं खोली झाडायची, पाणी आणायचं, पुजाऱ्याचे कपडे धुवायचे, कारण पुजारी स्वच्छ तर देव स्वच्छ. आणि शेवटी उमाकांतला साक्षात्कार झाला की पुजाऱ्यानं देवापासून दूर झोपणं बरं नव्हे. कपाटाला लागून बेड कुठला? खिडकीजवळचा.

तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तुमचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मला वर घातलान, बाई. उमाकांतनं. आपल्यातल्यानं."

"मग बेड परत मागा."

"उदक सोडलंय."

"हेच सांगत होते मी! मठांनी दिलेल्या जमिनी गिळल्या. सबंध इंग्लंडातली पाव जमीन चर्चकडे होती. एकदा आत गेलेलं..."

"हे आधी सांगायचंत!"

"जिन्यात ओरडून सांगू? शेजारी इजिप्शियन राहतात!"

तुम्ही गुडघा चोळत बसलात. सुजून नारळाएवढा झाला होता. मला दया आली असती, पण तुम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारलात. "हे बिशप डोईजड झाले तर राजा काय करायचा?"

"काढायचा आणि आपले बसवायचा. कँटरबरीचा आर्चबिशप काढला, नॉर्मंडीतल्या मठातून आपला माणूस आणला. विल्यम मरेपर्यंत इंग्रज बिशप एकच उरला होता. पण आता बसा आणि पुढचं ऐका, कारण नवा माणूस आला की तो म्हणायचा, आधीच्याचं जे जे होतं..."

फकरुद्दीनचा चहा अर्धा होता. तुम्ही त्यांना दंडाला धरून उठवलंत.

समाधानला पुजारी बदलायची युक्ती तुम्ही सांगितलीत, हे मला तुमच्या तोंडून कधी कळलं नाही. पण दुसरं सांगणार कोण? त्या बिचाऱ्याला देवाला हात लावायचा नव्हता. पुजाऱ्याला लावायला काही हरकत नव्हती. तबूकच्या साइटवर वायरमन कमी पडत होतेच. उमाकांत रडत बसमध्ये चढला. पिशवीत घंटा, घंटेच्या लोलकाला रुमाल बांधलेला, आवाज होऊ नये म्हणून. त्याला पोचवायला तुम्ही गेला नाहीत. तुम्ही तुमच्या बेडवरची चादर झटकत होता.

तेवढ्यात दारात धोंडीराम आला. काखेत वळकटी.

"सरका मिस्त्री. मला पुजारी केलाय."

"मग पूजा कर. बेड माझा."

"न्हाई. जुन्या पुजाऱ्याचा बेड त्यो नव्या पुजाऱ्याचा."

नॉर्मन सरदार न्यायसभेत जमिनीसाठी जे म्हणायचे, ते हेच. आधीच्या मालकाचं जे जे, ते ते नव्याचं. धोंडीरामनं इतिहास वाचला नव्हता, त्याला झोपायचं होतं.

म्हणजे एवढं सगळं होऊन ज्यानं यायचं होतं तोच आला, आणि तुम्ही वरच. आता चढलात की उतरेनात. जेवण वर मागवायला लागलात. फकरुद्दीननी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही एक्झिटची, म्हणजे कायमचं घरी जायची, चौकशी केलीत आणि घरी मात्र फोनवर, सगळं ठीक आहे, म्हणालात. त्या दिवशी मी नीलेशला गुडघ्याच्या डॉक्टरांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा.

ज्या गोष्टीनं सगळं फिरलं ती इतिहासात नव्हती. आरती चालली होती. धोंडीरामला आरती अर्धीच येत होती, उरलेली तो गुणगुणायचा. तुम्हाला उतरता येईना म्हणून वरच बसून हात हलवत होता, पाय खाली सोडून. बाहेर खोक्यावर बसलेल्या फकरुद्दीननी सहज आत डोकावलं आणि म्हणाले, "काय रे दीनानाथ, तुझे पाय देवाच्या बेडवर लोंबतात. तुमच्यात चालतं काय ते?"

आरती थांबली.

सगळ्यांनी वर बघितलं, मग खाली बघितलं. देवाचा बेड खाली, माणसाचा वर. इतके दिवस रोज कुणी ना कुणी देवाच्या टाळूवर पाय देऊन झोपत होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. धोंडीरामचा हात आपोआप गालावर गेला. त्याची दाढ दोन दिवस ठणकत होती. आता का ते कळलं. तुम्हीही मागे राहिला नाहीत. "मी मुद्दाम नाय हो झोपत देवाच्या डोक्यावर," तुम्ही वरून गळा काढलात, "मला घातलंय! पाप घालणाऱ्याला!"

समाधान आला, बूट काढले, ऐकलं, आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "देवाच्या वर कुणी न्हाई. आजपास्नं देवाचा बेड वरचा." लाल दोरा खालून सुटला आणि वर बांधला गेला. देवाबरोबर देवाचा पुजारी वर. देवाचं ज्याच्याकडे काही नाही, तो खाली. तुम्ही आडवे होऊन पडदा ओढलात आणि चष्मा खाचेत ठेवलात.

निकाल सगळ्या कॅम्पाला लागू होता. हे तुमच्या पडद्यामागे तुम्हाला सकाळपर्यंत कळलं नाही. प्रत्येक खोलीत देवाच्या नावानं खालचा बेड धरून बसलेला कोकणातला माणूस होता. देव वर गेला, त्याच्या मागोमाग त्याचा वहिवाटदार वर गेला, आणि समाधानची माणसं हसत हसत खाली उतरली. ओरडणार कुणावर? देव तुमचा, उदक तुमचं, आणि पापाचा मुद्दा वरून ओरडून सांगितला तोही तुम्हीच. फकरुद्दीनचा बेड वाटसरूंकडे, म्हणजे ते बसमध्येच. वाटसरू सोडले तर त्या अख्ख्या कॅम्पात खाली झोपणारा कोकणातला माणूस एकच उरला.

त्यानंतर तुम्ही आलात तेव्हा गुडघ्याची सूज उतरली होती. जिना बिनतक्रार चढलात. पेढे नव्हते. मी विचारलं, "आता काय झालं? बेड मिळाला ना?"

"मिळाला."

"मग?"

"पडदा लावला तरी ऐकायला येतं, बाई. माझं नाव घेत नायत. 'खालचा' म्हणतात. 'खालच्याला विचार, मीठ हाय काय.' आणि विचारत मात्र कोण नाय. काल बोंबील भाजले. वास खिडकीतनं माझ्याकडेच येत होता."

फकरुद्दीन चहात बिस्कीट बुडवत राहिले. ते बुडून तळाशी गेलं तरी बघत बसले.

मग मी तुम्हाला प्रकरणाचा शेवट सांगितला आणि पहिल्यांदाच तुम्ही उठला नाहीत. लढाईनंतर वीस वर्षांनी राजानं देशातल्या जमिनींची मोजदाद करवली. तेव्हा राजाकडून थेट जमीन धरून असलेले मोठे जमीनदार म्हणून जुने इंग्रज दोनच सापडले. एवढ्या मोठ्या देशात दोन. बाकी सगळे नॉर्मन सरदार, नॉर्मन बिशप आणि मठ.

तुम्ही टेबलावरच्या कागदांवर बोट ठेवलंत. "त्या दोघांशी बाकीचे बोलायचे काय?"

"ते लिहिलेलं नाही."

"का नाय?"

"राजानं जमिनी मोजायला सांगितल्या होत्या, दीनानाथ. हे कुणी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," तुम्ही माझ्यावरच चिडून म्हणालात. मग थोड्या वेळानं, "परत देवाला देऊ काय? वर जाऊन बसतो सगळ्यांबरोबर."

"आणि गुडघा?"

तुम्ही गुडघ्याकडे बघितलंत. त्यानं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण तुम्ही बेड दिला नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेलात, खणाला दोन टिचक्या मारल्यात, कान लावलात. "पुढच्या गुरुवारी नक्की. रंधा आता माझ्याकडेच हाय. समाधाननं दिला, ठेव म्हणाला. बेडखाली ठेवलाय."

पुढच्या गुरुवारी फकरुद्दीन एकटे वर आले. तुम्ही बसमध्ये चढला होता, म्हणाले, रंधा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन. शेजारी कुणी येऊन बसेना. मागे दोघं दोघं एका सीटवर दाटीवाटीनं बसले, पण तुमच्या शेजारची जागा रिकामी. गेटपाशी तुम्ही म्हणालात, "फकरू, थांबव रे," आणि उतरून गेलात. त्याच्या पुढच्या गुरुवारी बसमध्ये चढला नाहीत, आणि त्याच्या पुढेही. मी फकरुद्दीनकडे निरोप दिले, एकदा चिठ्ठी दिली, एकदा थर्मासमधून आमसुलाचं सार दिलं. थर्मास धुऊन परत आला. माझा व्हिसा संपला आणि मी चिपळूणला आले. पुस्तक पुरं झालं.

तुम्ही अजून तिथेच आहात, असं कळतं. नीलेशही त्याच फ्लॅटमध्ये आहे. खण ओट्याखाली डाव्या हाताला. पुरणयंत्र आत आहे.